ऊसबिल, चटणी आणि पायताण : बिद्री परिसराचा युरोप

बिद्री परिसरातल्या कुटुंबाचा युरोपचा बेत ठरतो तो बहुधा ऊस तुटून गेल्यावर. कागल तालुक्यातले हे गाव कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावर आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना इथलाच. त्याच्या गळिताला कागल, राधानगरी, भुदरगड आणि करवीर या तालुक्यांतून ऊस येतो. दिवाळीच्या मागेपुढे सुरू झालेला हंगाम मार्चपर्यंत आटोपतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराप्रमाणे पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिलातून सेवा सोसायटीचे कर्ज आधी वळते होते आणि उरेल ती रक्कम खात्यावर पडते. एप्रिलात मुलांच्या परीक्षा संपतात. मेअखेरीस भाताची धूळवाफ पेरणी गाठायची असते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. म्हणजे मोकळा राहतो तो फक्त मे महिना.

योगायोगाने युरोपही त्याच वेळी पाहण्याजोगा असतो. नेदरलँड्समधली कॉइकेनहॉफची ट्युलिप बाग साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते, आल्प्सच्या माथ्यावर बर्फ असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून लागलेली नसते. माणशी खर्च लाखांत जातो, त्यामुळे गावागणिक अशी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांत बागायतदार असतात. त्यांच्याइतकेच शिक्षक, बँकेतले नोकरदार, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले कारखानदार आणि मुलगा-सून जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये नोकरीला असलेले आईवडीलही असतात.

कोल्हापूरच्या युरोपवारीचा सर्वांत जुना ठळक दाखला राजघराण्यातला आहे, आणि तो दुःखद आहे. १८५० साली जन्मलेले छत्रपती राजाराम महाराज १८६६ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले आणि १८७० च्या उन्हाळ्यात विलायतेला गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, स्कॉटलंड आणि आयर्लंडही केले. फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलेले होते, म्हणून परतीची वाट बेल्जियम, जर्मनी आणि टायरॉलमधून इटलीकडे काढावी लागली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच, वयाच्या विसाव्या वर्षी, ते वारले. इटलीत दहनाची प्रथा नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. या प्रवासात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनहून छापली.

संगमाजवळ, काशिने नावाच्या लांबच लांब बागेच्या पश्चिम टोकाला, १८७४ पासून त्यांचे स्मारक उभे आहे. चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराने घडवलेला रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर पागोटे, गळ्यात दागिने, वर छत्री. या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच हातचा, त्यामुळे कोल्हापूरकराला छत्री अगदीच परकी वाटत नाही. जवळच आर्नोवर १९७० च्या दशकात बांधलेल्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल, म्हणतात. ठरीव सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला काही तास येतात आणि ते कॅथीड्रल, सिन्योरिया चौक आणि कातड्याच्या दुकानांत संपतात. कोल्हापूरच्या गटाने काशिनेसाठी दीड तास आधीच मागून घ्यावा. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला युरोपात असे ठिकाण सहसा मिळायचे नाही.

पुढची मोठी वारी राजर्षी शाहू महाराजांची. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. राजाच्या आजारपणामुळे २६ जूनचा सोहळा ९ ऑगस्टवर गेला आणि मुक्काम लांबला. मागासवर्गीयांना संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला तेव्हा महाराज परदेशातच होते. त्याच सोहळ्याला निघालेल्या जयपूरच्या माधोसिंग महाराजांनी गंगाजलाने भरलेले प्रचंड चांदीचे घडे बोटीवर चढवले होते. समुद्र ओलांडणाऱ्या संस्थानिकाने आपले पाणी, आपला शिधा आणि आपला आचारी बरोबर न्यावा, हा त्या काळचा दंडक. धर्म बुडण्याचे भय पुढे ओसरले, आचारी मात्र गेला नाही. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी, २०१३ ची वीणा वर्ल्ड आणि त्यांच्यासारख्या इतर मराठी सहल कंपन्यांनी मध्यमवर्गाला युरोप दाखवला, त्यात मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्रीचे भारतीय जेवण या दोन गोष्टींचा वाटा स्थळांइतकाच आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने साठच्या दशकात मराठी वाचकाला विलायत घरबसल्या दाखवली होती, प्रत्यक्ष तिकीट काढण्याचा धीर दिला तो या जेवणाने.

तिकिटाच्या आधी व्हिसा. शेंगेन करारात २९ देश आहेत आणि त्यांना मिळून एकच व्हिसा चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे, त्याहून लहानांना माफी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला जातीने जावे लागते, बारा वर्षांखालच्या मुलांची त्यातून सुटका आहे. पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याची वारी करावी लागे. कोल्हापूरच्या टपाल कचेरीत सेवा केंद्र झाल्यापासून ती वाचली.

ऊसवाल्याची खरी अडचण कागदांची. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त, त्यामुळे घरात पैसा असूनही तीन वर्षांची विवरणपत्रे नसतात, आणि परदेशी वकिलातीला सातबारा म्हणजे काय ते ठाऊक नसते. उतारा, त्याचे इंग्रजी भाषांतर, कारखान्याची ऊसबिले, दूध संघाची बिले आणि बँकेचा खातेउतारा अशी गड्डी जोडून पैसा कुठून आला आणि माणूस परत का येणार, हे दाखवावे लागते. खात्यावर वर्षातून दोन-तीनदाच मोठी रक्कम येते आणि मध्ये शुकशुकाट असतो, हे ऊसपट्ट्यात सगळ्यांना माहीत. दिल्ली-मुंबईतल्या अधिकाऱ्याला ते एका पानाच्या पत्राने समजावून दिलेले बरे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून उसने आणून खाते फुगवणे हा त्याहून वाईट मार्ग, तो लगेच उघडा पडतो.

मे महिन्याचा आणखी एक फायदा बॅगेत दिसतो. मार्च ते मे हे कोल्हापुरात वर्षाची चटणी करण्याचे दिवस. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात तापवायची, तेलात मसाले भाजायचे, कांदा-लसूण-खोबरे परतायचे आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. इतर जण हिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, कोल्हापुरात ती नुसती चटणी. युरोपला निघणाऱ्या घरात ताजी चटणी त्यामुळे आयतीच असते आणि प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीतून ती निर्धास्त जाते. युरोपीय संघाच्या सीमेवर मसाल्यांना आडकाठी नाही. आडकाठी आहे ती मांस आणि दुधाच्या पदार्थांना: पेढे, बर्फी, तूप, सुके मटण यांतले काहीही बाहेरच्या देशातून आलेल्या प्रवाशाला नेता येत नाही, आणि ते थोडेसेच आहे ही सबब चालत नाही. ताज्या भाज्या, फळे आणि पानांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कढीपत्ता व हिरव्या मिरच्या बाद. त्यातून मोकळी सोडलेली फळे पाचच आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. नारळ मात्र विमानातच अडखळतो. सुके खोबरे आग धरणारा माल म्हणून हवाई कंपन्या सामानात घेत नाहीत. तेच खोबरे चटणीत कुटले गेले की कुणाची हरकत नसते.

चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, तिखट पुऱ्या आणि उपवासासाठी साबुदाणा हे नेहमीचे सामान. कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी प्रसिद्ध असला तरी प्रत्येक घरात एखादा माळकरी असतोच, आणि मटण खाणाऱ्यांचेही सोमवार, गुरुवार, एकादशी असे वार असतात. गोमांस आणि डुकराचे मांस तर बहुतेक घरांत वर्ज्यच. युरोपात जेवताना घोटाळा होतो तो इथे. तिथल्या कायद्याने प्रत्येक उपाहारगृहाला चौदा त्रासदायक घटकांची माहिती द्यावी लागते. त्या यादीत अंडे, दूध, मासे, तीळ, मोहरी, शेंगदाणे आहेत. गाय आणि डुक्कर नाहीत, कारण ती यादी ॲलर्जीची आहे, आहारनियमांची नव्हे. म्हणून ‘यादीत काही नाही’ यावर विसंबून भागत नाही. बेल्जियमच्या बटाट्याच्या फ्रेंच फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, अजूनही अनेक गाड्यांवर तसेच चालते. इटलीतल्या काही भाकऱ्यांत डुकराची चरबी असते. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रसाशिवाय नियमानेच बनत नाही, म्हणजे पास्त्यावर भुरभुरलेले चीज कडक शाकाहारी माणसाला चालणारे नाही. काय चालते एवढे मराठीत ठरवून, त्या त्या देशाच्या भाषेत चार ओळी लिहिलेले कार्ड खिशात ठेवले की हातवारे करावे लागत नाहीत.

सहल कंपनीचे रात्रीचे जेवण बहुधा तिथल्या पंजाबी हॉटेलात असते. पनीर, छोले, बटर चिकन, जिरा राइस. चार दिवसांत कोल्हापूरकर त्याला कंटाळतो आणि बॅगेतली चटणी टेबलावर येते. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवरही भारतीय जेवण मिळते, याचे अप्रूप एकदाच. मग वाटते की दुपारचे एक जेवण तरी स्थानिक घ्यावे, आणि तसे घेण्याजोगे बरेच आहे.

सर्वांत सोपी सुरुवात पिसाला होते. कलता मनोरा जवळपास प्रत्येक सहलीत असतो आणि फोटो काढून झाल्यावर हाताशी तासभर उरतो. गावातल्या पिझ्झाच्या दुकानांत ‘चेचिना’ मिळते. हरभऱ्याचे पीठ पाण्यात सैलसर कालवून ठेवतात, वरचा फेस काढून टाकतात, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालतात, आणि ते पातळ पीठ कल्हई केलेल्या तांब्याच्या रुंद परातीत ओतून कडक भट्टीत भाजतात. वर खरपूस तांबूस पापुद्रा धरतो, आत मऊ राहते, जाडी बोटाच्या पेराहूनही कमी. तुकडा कापून कागदावर देतात, वर मिरपूड. अंडे नाही, दूध नाही, मैदा नाही. बेसनाच्या पोळ्यावर वाढलेल्या माणसाला हा पदार्थ पहिल्या घासात ओळखीचा वाटतो, आणि चिमूटभर चटणी टाकली तर दुकानदारही चाखून पाहतो. जेनोआत हिलाच ‘फारिनाता’ म्हणतात, फ्रान्सच्या नीसमध्ये ‘सोका’.

फ्लॉरेन्समध्ये शिळ्या पावाचे दोन पदार्थ आहेत: टोमॅटो-लसणात शिजवलेला ‘पाप्पा अल पोमोदोरो’ आणि काळ्या पालेभाजीत, पांढऱ्या घेवड्यात शिजवून पुन्हा तापवलेला ‘रिबोल्लिता’. दोन्ही गरिबांच्या स्वयंपाकघरातून आलेले, दोन्ही सहसा शाकाहारी. त्याच शहरातला ‘लांप्रेदोत्तो’ मात्र गाईच्या पोटाचा. गाडीवरची गर्दी पाहून रांगेत उभे राहू नये. स्वित्झर्लंडमध्ये किसलेल्या बटाट्याची ‘रोश्टी’ मुलांना हमखास आवडते. फोंड्यूच्या चीजमध्ये पांढरी वाइन असते, हे आजी-आजोबांना आधी सांगावे. हंगेरीला गेलेल्यांना पाप्रिकाचे तांबडे रस्से पाहून घरची आठवण होते, पण गुयाश बहुधा गोमांसाचाच असतो. ॲमस्टरडॅममध्ये एक वेगळीच सोय आहे. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला नेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले, त्यांची ‘रोटी’ची दुकाने तिथे जागोजाग आहेत: मऊ पोळी, बटाटा, चवळीच्या शेंगांची भाजी, कोंबडी आणि वेगळ्या वाटीत जळजळीत मिरची. कोल्हापूरकराने ती मिरची आधी थोडीच घ्यावी.

वेळेचेही शिस्तीत घ्यावे लागते. इटलीत रात्री साडेसातच्या आधी स्वयंपाकघर पेटत नाही, जर्मनीत रविवारी दुकाने बंद. बसच्या चालकाला कायद्याने दिवसाला सहसा नऊ तासच गाडी हाकता येते आणि दर साडेचार तासांना पाऊण तास थांबावे लागते. टूर मॅनेजर घड्याळ दाखवतो तो त्यामुळे. मुलाकडे महिना-दोन महिने राहायला गेलेल्यांना ही घाई नसते, पण त्यांच्या अडचणी स्वयंपाकघरात सुरू होतात. गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे, आणि गावाहून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. लोखंडी तवा मात्र झकास चालतो. भाकरी तव्यावर होते, विस्तवावर फुगवता येत नाही, म्हणून ती फडक्याने दाबून फुगवायला शिकावे लागते. फोडणीत मिरची टाकताना खिडकी आधी उघडायची, कारण छतावरच्या धूरघंटेला खमंग आणि जळके यांतला फरक कळत नाही.

कपड्यांबाबत मोठ्यांचे आणि मुलांचे मत जुळत नाही, आणि ते जुळण्याची गरजही नाही. मुलींच्या बॅगेत जीन्स, लांब कोट आणि पॅरिससाठी राखलेला एक ड्रेस असतो; आईच्या बॅगेत पंजाबी सूट, आजीच्या बॅगेत साड्या. साडी युरोपला गैरसोयीची ही समजूत निम्मीच खरी आहे. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. बिनबाह्यांच्या कपड्यांतली माणसे दारात अडतात, साडीवाल्या आजी थेट आत जातात. गैरसोय होते ती सरकत्या जिन्यांवर आणि तीन हजार मीटरवरच्या टिटलिसला. तिथे मेमध्येही बर्फ असतो आणि साडीखाली थर्मल, वर जाकीट, पायात खेळाचे बूट असा वेश होतो. तो विजोड दिसतो, पण ऊब देतो, आणि तसे फोटो आता दर घरात आहेत. कोल्हापुरी साज आणि सोन्याचे मंगळसूत्र घरी ठेवून बेन्टेक्सचे घालण्याचा शहाणपणा बहुतेक बायका दाखवतात. रोम, पॅरिस आणि बार्सिलोनाचे खिसेकापू प्रसिद्ध आहेत. पुरुषांचा हौसेचा ऐवज म्हणजे फेटा. आयफेल टॉवरसमोर तो बांधून फोटो निघतो, मग पुन्हा घडी.

आणि पायताण. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाने पुढच्या वर्षीच्या पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचे प्रदर्शन केले, त्यात मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी घाटाच्या चपला होत्या आणि वर्णन नुसते कातडी सँडल असे होते. कोल्हापूर पेटले. या चपलांना २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचे. प्राडाने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले, जुलैत त्यांची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्याप्रमाणे या भागातच सुमारे दोन हजार जोड बनवून जगभर विकण्याचे ठरले, किंमत जोडीला ८०० युरोंच्या आसपास. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत हाताने शिवलेला चांगला जोड त्याच्या कितीतरी पटींनी स्वस्त मिळतो. फरकातला किती भाग कारागिराच्या हाती पडतो, हे करारापेक्षा मजुरीच्या दरावर ठरेल.

बिद्रीच्या माणसाला हा वाद लांबचा नाही. कापशी हा कोल्हापुरीचा नावाजलेला प्रकार, आणि सेनापती कापशी हे गाव कागल तालुक्यातच आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळा न वापरता वादीने शिवलेला तळ, पंज्यावर वेणी, बाजूला कान, पुढे अंगठा. युरोपात ही चप्पल मिरवायला उत्तम आणि चालायला बेताची. फ्लॉरेन्स, प्राग, रोम इथल्या जुन्या रस्त्यांवर दगडी फरसबंदी असते, पाऊस पडला की कातडी तळ तिच्यावर घसरतो. शिवाय कातडे भिजले की फुगते आणि शिवण सैल होते. कोल्हापुरात मृग निघाला की चप्पल माळ्यावर जाते, तोच नियम तिथे रोजच्या हवामानाला लावायचा. दिवसा बूट, कोरड्या संध्याकाळी पायताण. नवा जोड कडक असतो आणि आठ-दहा दिवस पाय चावतो. म्हणून तो मार्चमध्येच घ्यावा, आतून खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवावा आणि महिनाभर घरात, मग वाडीपर्यंत, मग बाजारापर्यंत वापरून पायाच्या मापाचा करून घ्यावा.